मास्तरांचा हिरवा

ऑर्डरच्या कागदावरचे बाकीचे सगळे रकाने मी एका बैठकीत भरले. बैठक किती रुंद, पेडल किती लांबवर, स्टिअरिंगला चामडं की लाकूड, पुढची काच पूर्ण की वीतभर उंचीची, पावसाळी टप हवा की नको. रंगाचा रकाना तेवढा कोरा ठेवला. समोरचा मुलगा म्हणाला, "काका, रंग राहिला." मी म्हटलं, "रंग मी घेऊन येईन."

२०१६चा डिसेंबर होता. कोकणात खाडीच्या काठी पत्र्याच्या शेडमधलं ते वर्कशॉप. मालकांनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. वर्षाला मोजक्या गाड्या होतात, त्याही मागणी आल्यावरच.

गाडीचं मूळ इंग्लंडमधलं. कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये 'सेव्हन' नावाची दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार आणली. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर पातळ पत्रा, वजन पाचशे किलोच्या आसपास, म्हणजे आपल्या मारुती ८००पेक्षाही हलकी. तिकडे तयार गाडीवर खरेदीकर लागायचा, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. त्यामुळे हौशी माणसं ती खोक्यांत भरून घरी न्यायची आणि आपल्या गॅरेजात जोडायची. १९७३ मध्ये लोटसने तिचे हक्क केटरहॅम कार्सला दिले. सांगाडा इतका साधा, की तिच्या प्रतिकृती जगभर होत राहिल्या. आपल्याकडेही झाल्या. अलिबागजवळ कार्लेखिंडीत गिडो आणि शमा बोथे यांच्या चिंकारा मोटर्सने याच वळणाची रोडस्टर काढली, फायबरची बॉडी आणि इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, त्याच इसुझूचं ज्याचं इंजिन आपण कॉन्टेसात पाहिलंय. महाराष्ट्रात, समुद्रकाठी अशी गाडी बनते हे मला चिंकारामुळेच पहिल्यांदा कळलं, आणि तिथूनच चौकशी करत करत मी या शेडपर्यंत पोचलो.

इथली गाडी अर्धी तयार आणि अर्धी मापाची. सांगाडा, इंजिन, ब्रेक यांना हात लावायचा नाही, हे मालकांनी पहिल्या भेटीतच स्पष्ट केलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, मूळ नोंदीपलीकडे गाडी बदलता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. पण उरलेलं सगळं तुमच्या अंगाचं. एका मुलाने टेप घेऊन माझं कमरेचं माप घेतलं, मग कमरेपासून टाचेपर्यंतचं, मग हात पुढे करायला लावून खांद्यापासून मुठीपर्यंतचं. शिंप्याकडे उभं राहावं तसा मी उभा होतो. वय अठ्ठेचाळीस. गाड्यांचं वेड मला कधीच नव्हतं. त्या दिवसापर्यंत मी आयुष्यात एकच स्पोर्ट्स कार नीट पाहिली होती, आणि ती कागदावरची होती.

ती मास्तरांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती.

आमचं घर अमळनेर तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळाने शेतातली मजुरी संपली तेव्हा वडील ताप्ती लाइनच्या गाडीत बसले आणि उधन्याला उतरले. आमच्यासारखी हजारो घरं या लाइनने सुरतेत आली आहेत. नवापूरच्या स्टेशनात फलाटाचं एक टोक महाराष्ट्रात आणि दुसरं गुजरातेत. लहानपणी मी तिथे खिडकीतून डोकं काढून ती रेघ शोधायचो, सापडली कधीच नाही. वडील लूमवर लागले. लिंबायतला खोली घेतली. घरात अहिराणी, महापालिकेच्या शाळेत मराठी, गल्लीत हिंदी. गुजराती कानावर होती, पण जिभेवर नव्हती.

१९८७च्या जुलैत, दहावीनंतर दोन वर्षं इकडेतिकडे काढून, मी पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये कलर रूमला हेल्पर म्हणून लागलो. कलर मास्टर सलाबतपुऱ्यातले खत्री. तीन पिढ्या रंगाऱ्याचं घर. पन्नाशीला टेकलेले, बारीक, चष्मा दोऱ्याने बांधलेला. मिलमध्ये शेठपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना मास्तर म्हणायचे.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "दीकरा, पेलो लीलो लाव." मी निळ्याचा डबा आणला. माझ्या कानाला वाटलं, सुरती जिभेवर 'न'चा 'ल' होत असावा. डिस्पर्स रंगांची भुकटी पाण्यात पडेपर्यंत आपला रंग दाखवत नाही, सगळ्याच भुकट्या काळपट दिसतात. मास्तर त्या वेळी दुसऱ्या मशीनवर धावले होते, वजन मीच केलं. जेट मशीनमध्ये पॉलिएस्टर १३० डिग्रीवर तासभर फिरलं आणि पिस्ता व्हायचा अख्खा लॉट आकाशी होऊन बाहेर आला.

शेठ खाली आले. ओल्या ताक्यावर हात ठेवून त्यांनी विचारलं, कोणी केलं? माझ्या पायातलं बळ गेलं होतं. मास्तर म्हणाले, "मारी भूल." दोनच शब्द. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, नाहीतर शेठच्या लक्षात आलं असतं. तो लॉट मग काळा केला. बिघडलेला माल काळ्यात काढायचा, ही मिलची जुनी रीत. मास्तरांच्या पगारातून त्याचे पैसे कापले गेले. हे मला चार वर्षांनी, तेही हिशेबनिसाकडून कळलं. तोवर मी समजत होतो की शब्दावरच भागलं.

त्या संध्याकाळी त्यांनी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला एक पांढरा कागद लावला आणि मला लिहायला सांगितलं. मी माझ्या मराठी अक्षरात लिहिलं: लीलो म्हणजे हिरवा. पीळो म्हणजे पिवळा. भूरो म्हणजे निळा. या शेवटच्याने मी पुन्हा गोंधळलो. आमच्याकडे भुरा म्हणजे तपकिरी-पांढुरका, गोऱ्या केसांच्या पोराला आम्ही भुऱ्या म्हणतो. मास्तरांनी मला निळ्याचा तुकडा हातात देऊन पाच वेळा 'भूरो' म्हणायला लावलं. त्या कागदाच्या शेजारी ते चित्र होतं. इंग्रजी मासिकातलं एक पान, चौकातल्या रद्दीवाल्याकडून कधीतरी उचललेलं. ओल्या रस्त्यावर एक ठेंगणी, लांब नाकाची, उघडी गाडी. अंग गर्द हिरवं आणि नाक पिवळं. खालची ओळ कापली गेली होती, त्यामुळे गाडीचं नाव मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. ते तिला 'पीळा नाकवाळी' म्हणायचे.

गाडीशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांना तो हिरवा हवा होता. म्हणायचे, काळ्याच्या इतक्या जवळ जाऊनही जो काळा होत नाही असा हिरवा कापडावर आणणं म्हणजे खरी कारागिरी. पिवळा आणि निळा मिळून हिरवा होतो हे शाळेतलं पोरही सांगेल. त्याला शांत करायला लाल किती घालायचा, यात माणसाचं आयुष्य जातं. लाल टिचभर जास्त झाला की हिरव्याची माती होते.

पुढची सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. मला जे काही येतं ते तिथलं. नमुना आणि लॉट कडेला कड लावून धरायचे, मध्ये केसाइतकी फट नको. दोन्हींचा ताणा एकाच दिशेला हवा, कापड तिरपं धरलं की रंग बदलतो. ओल्या कापडावर शेड बघायची नाही. इस्त्री मारून वाळवलं तरी लगेच बघायची नाही, गरम पॉलिएस्टर खोटं बोलतं, त्याला थंड होऊ द्यायचं. एका वेळी दोन-तीन सेकंदच पाहायचं, मग नजर फरशीकडे न्यायची, कारण डोळा रंगाला सरावला की त्याला फरक दिसेनासा होतो. आणि बघायचं ते उत्तरेच्या खिडकीत, जिथे ऊन थेट येत नाही. तिथे जुळलेली शेड मग ट्यूबलाइटखाली न्यायची. कितीतरी वेळा खिडकीत एक दिसणारे दोन तुकडे ट्यूबखाली वेगळे व्हायचे. "रंग फरे छे," मास्तर म्हणायचे, आणि पुन्हा पहिल्यापासून. याला मेटामेरिझम म्हणतात हे मी फार पुढे एका डाय कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये ऐकलं. त्या इंजिनिअरने तक्ते दाखवले. माझ्या डोळ्यांपुढे ती खिडकी होती.

मग १९९४चा सप्टेंबर आला.

गणपती विसर्जन होऊन थोडेच दिवस झाले होते. वेड रोडकडे माणसं तापाने आणि रक्त ओकून मरताहेत अशी बातमी आली, आणि दुसऱ्या दिवशी प्लेग हा शब्द सगळ्या सुरतेत पसरला. लाखो माणसं शहर सोडून गेली. उधना स्टेशनावर गाडीच्या टपावर माणसं, दोन डब्यांच्या मधल्या जोडावर माणसं. मेडिकलच्या दुकानांतलं टेट्रासायक्लिन पाहता पाहता संपलं, डॉक्टरांचे दवाखानेसुद्धा बंद झाले. आमच्या घरात आईला ताप. ही, माझी बायको, आठ महिन्यांची गरोदर, पहिलं बाळंतपण. गावाहून काकांचा निरोप आला, सध्या येऊ नका, लोक गावात शिरू देत नाहीत. काकांना मी दोष देत नाही. भीती होती ती.

मी दाराला आतून कडी लावून बसलो होतो. दुपारी कोणीतरी कडी वाजवली. मास्तर. तोंडाला रुमाल, आणि लुनाच्या पिशवीत टेट्रासायक्लिनच्या चार स्ट्रिपा. कुठून आणल्या ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. ते सरळ आत आले, आईच्या उशाशी बसले, कपाळावर हात ठेवला. त्या आठवड्यात सुरतेत कोणी कोणाच्या दारातही उभं राहत नव्हतं. मग स्ट्रिपा माझ्या हातात दिल्या आणि हिच्याकडे बोट करून म्हणाले, हिला देऊ नकोस, पोटुशीला हे चालत नाही, डॉक्टरला विचारून आलोय. थोडं थांबून म्हणाले, वहूला माझ्याकडे चल म्हणावं. आमचा वरचा मजला रिकामा आहे. गर्दीत नको, तापाच्या घरात नको.

ही बारा दिवस सलाबतपुऱ्यात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहिली. मास्तरांच्या पत्नीला सगळी गल्ली बा म्हणायची, आम्हीही बा म्हणतो. हिला खिचडी-कढी जाईना. तिसऱ्या दिवशी ही सहज बोलून गेली की कळण्याची भाकरी खावीशी वाटते. बांनी कळणं हे नावही कधी ऐकलं नव्हतं. हिला विचारून त्यांनी ज्वारी आणि उडीद एकत्र केले, बंद शहरात कुठली गिरणी उघडी असणार, म्हणून माळ्यावरचं जातं उतरवून स्वतः दळलं. भाकरी थापताना तीनदा मोडली. चौथी झाली. ही आजही तो प्रसंग पूर्ण सांगू शकत नाही, भाकरीपाशी आली की थांबते.

आईचा ताप साधा निघाला. ऑक्टोबरात मुलगी झाली, सुरतेतच. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले, शहर झाडून निघालं, गेलेली माणसं परतली, मिलची चिमणी पुन्हा रात्रंदिवस धूर ओकू लागली.

मास्तरांनी शब्द टाकल्यामुळे १९९९ मध्ये मला दुसऱ्या मिलमध्ये मास्तरकी मिळाली. पुढे उधन्यात रंग-रसायनांचं दुकान टाकलं. बरं चाललं. दर दिवाळीला आम्ही तिघं सलाबतपुऱ्यात जायचो, मास्तर मुलीच्या फ्रॉकचा रंग बघून ती कुठल्या मिलची शेड ते सांगायचे. मी त्यांना कधी 'तुमचे उपकार' असं म्हटलं नाही. एकदा तोंड उघडलं होतं, त्यांनी हात वर करून थांबवलं आणि चहा मागवला.

२०१३ मध्ये ते गेले. तेरावं झाल्यावर बांनी एका पिशवीत त्यांची वही आणि ते चित्र माझ्या हातात दिलं. दोन्ही मुलं हिऱ्यांत आहेत, त्यांना हे काय कामाचं, म्हणाल्या. ज्यांना या धंद्याची कल्पना नाही त्यांना सांगायला हवं, की कलर मास्टर आपली वही सख्ख्या भावाला दाखवत नाही. त्या वहीत त्यांची चाळीस वर्षं होती. डावीकडे कापडाचा नमुना, खळीने चिकटवलेला, उजवीकडे रंगांचे टक्के. एका पानावर १९७८ हे साल आणि गुजरातीत 'पीळा नाकवाळी' लिहिलेलं. नायलॉनवरची शेड. टक्के होते, नमुना नव्हता. त्या जागी फक्त खळीचा चौकोनी डाग.

ते पान मी फार वेळा उघडलं. लेकीने कॉम्प्युटरवर शोधून चित्रातल्या गाडीचं नाव काढलं: लोटस सेव्हन. हिरवं अंग आणि पिवळं नाक अशीच एक सेव्हन १९६७ मध्ये इंग्लंडच्या टीव्हीवर 'द प्रिझनर' या मालिकेत दिसली होती, आणि तेव्हापासून ही रंगजोडी त्या गाडीला चिकटली. मग चिंकाराचं वाचलं. मग कोकणातली शेड. ही पहिल्यांदा म्हणाली, मास्तरांच्या नावाने शाळेला काहीतरी द्या, गाडी कशाला? शाळेचंही केलं, ते वेगळं. पण मास्तरांनी इतकी वर्षं जो रंग कपाटाच्या दारात जपला, तो मला एकदा खरोखरीच्या आकारात, उन्हात उभा करायचा होता. हे मी तिला नीट सांगू शकलो नाही. ती चित्राकडे बघत बसली आणि म्हणाली, "मग रंग बरोबर आला पाहिजे."

रंगाचं मी बरंच वाचलं. १९०३ मध्ये गॉर्डन बेनेट कपची शर्यत आयर्लंडमध्ये झाली, कारण इंग्लंडच्या रस्त्यांवर शर्यतीला परवानगी नव्हती. यजमानांच्या मानाखातर ब्रिटिश गाड्या हिरव्या रंगवल्या, तिथून ब्रिटिश रेसिंग ग्रीन हे नाव रूढ झालं. पण त्याची एक ठरलेली शेड कधीच नव्हती. ऑलिव्हपासून जवळजवळ काळ्यापर्यंत सगळे हिरवे त्यात बसतात. म्हणजे आणून दाखवायला जगात दुसरा नमुना नव्हता. माझ्याकडे होतं ते चित्र.

फायबरच्या गाडीला रंग शेवटी देत नाहीत, तो सगळ्यात आधी येतो. साच्याला मेण लावून पुसायचं, मग रंगीत जेलकोटचा थर, तो चिकटसर सुकला की त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन, थरावर थर, रोलरने हवा काढत. साच्यातून बॉडी सुटली की जो थर पहिला दिला तोच सगळ्यांत वर असतो. मला हे फार आवडलं. चुकलं तर वरून काही लपवता येत नाही.

कापडाचा रंग धाग्याच्या आत शिरतो, उजेड त्याच्यातून जाऊन परततो. जेलकोटचं पिगमेंट उजेड वरच अडवतं. त्यामुळे मास्तरांचे टक्के जसेच्या तसे वापरता येत नव्हते. मी थॅलो ग्रीन, पिवळा ऑक्साइड, काळा आणि चिमूटभर लाल ऑक्साइड, अशा पेस्टा घेऊन दुकानाच्या मागच्या खोलीत बसलो. तळहाताएवढ्या फरशा ओतल्या. पहिली बाटलीसारखी. दुसरी शेवाळ्यासारखी. पाचवी जवळ आली पण ट्यूबखाली तपकिरी झाली. वहीतला पिवळ्याचा आकडा मला जास्त वाटत होता, मी स्वतःला समजावलं की नायलॉनचा हिशेब वेगळा असणार. अकरावी फरशी उत्तरेच्या खिडकीत चित्राशेजारी कड लावून धरली आणि कड दिसेनाशी झाली. ट्यूबखाली नेली, तिथेही जुळली. मी खाली बसलो. हिने पाणी आणून दिलं.

२०१७च्या जुलैत बॉडी ओतली. आठ दिवसांनी फोटो आला: डाव्या मडगार्डवर आणि नाकाच्या मुळाशी सगळा जेलकोट सुरकुतलेला, मगरीच्या पाठीसारखा. पावसाळी दमट हवा, हार्डनर कमी पडला, थर कच्चा असतानाच वरचं रेझिन चढलं आणि त्याने खालचा थर खाल्ला. ज्या मुलाने ओतलं होतं तो फोनवर रडवेला झाला होता. विशीतला असेल. "काका, माझ्याकडून झालं." मी त्याला म्हटलं, रंग घट्ट व्हायला मीच सांगितलं होतं, पिगमेंट जास्त पडलं त्यानेही सुकणं लांबतं, चूक माझी धर. मालकांनाही तसंच सांगितलं. पाऊस संपल्यावर पुन्हा ओतायचं ठरलं, मटेरियलचा खर्च मी दिला. फोन ठेवल्यावर हात थरथरत होता. त्यात अर्धं सत्य होतं, अर्धं नव्हतं. त्या ताक्यावर हात ठेवून उभे असलेले शेठ मला दिसत होते.

२०१८ची संक्रांत झाली आणि गाडी ट्रकवरून सुरतेत आली. कागदपत्रांत रंगाच्या रकान्यात नुसतं 'ग्रीन' लिहिलेलं. पुढच्या रविवारी आम्ही दोघं ती घेऊन सलाबतपुऱ्यात गेलो. इतकी खाली बसते, की रिक्षाची चाकं आपल्या डोळ्यांच्या रेषेत येतात. गल्ली अरुंद, तरी ही गाडी आत गेली, मोठी गेली नसती. सकाळचे साडेअकरा. पोरांचा घोळका मागे.

बा जिन्याच्या कठड्याला धरून खाली आल्या. पंचाहत्तरीच्या आसपास वय. एका हातात कंकूची वाटी. पिवळ्या नाकावर त्यांनी साथिया काढला, तांदूळ लावले, आणि बोटं पुसली पदराला. मग दुसऱ्या हाताने बगलेतून एक घडी काढली. नायलॉनची साडी, जुन्या घडीच्या रेषांवर किंचित विरलेली. गर्द हिरवी.

मास्तरांनी १९७८ मध्ये ती शेड साधली तेव्हा पहिली साडी त्यांनी घरी आणली होती, हे मला माहीत नव्हतं. बांनी ती दोनदाच नेसली आणि पेटीत ठेवली. उजेड न लागलेलं कापड चाळीस वर्षांनीही तसंच राहतं. त्यांनी साडी बॉनेटवर पसरली. मी पुढे झालो, काठ सारखा केला, कड लावली. सवयीने नजर जमिनीकडे नेली आणि पुन्हा पाहिलं.

दोन वेगळे हिरवे होते.

साडीत ऊन होतं. माझी गाडी तिच्याशेजारी थंड, निळसर दिसत होती. आणि त्या क्षणी मला माझी चूक दिसली. मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं १९८७ मध्ये. तोवर ते दहा वर्षं त्या दारावर होतं, दार उघडलं की खिडकीच्या उजेडात, रंग काढायच्या हायड्रोच्या वाफेत. छापील चित्रातला पिवळा आणि लाल आधी उडतो, निळा मागे राहतो. हे मी गिऱ्हाइकांना स्वतः समजावून सांगतो. मास्तरांनी ताजं चित्र जुळवलं होतं. मी जुळवलं ते उडालेलं. त्यांच्या वहीतला पिवळ्याचा आकडा बरोबर होता.

बांनी साडीवरून गाडीवर आणि गाडीवरून साडीवर हात फिरवला. तीन पिढ्यांच्या रंगाऱ्यांच्या घरात आलेली बाई. म्हणाल्या, "आ थोडो भूरो छे."

मी म्हटलं, "हा, बा. लीलो सांगितला होता, मी पुन्हा भूरो आणला."

त्यांना तो पहिला लॉट माहीत होता. मास्तरांनी त्या रात्रीच घरी सांगितलं होतं, पगारातून किती कापणार तेही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग कमरेची कात्री काढून साडीच्या आतल्या टोकाचा दोन बोटं तुकडा कापला आणि माझ्या मुठीत ठेवला. मग हिला म्हणाल्या, वर चल, भाकरी केली आहे, कळण्याची, आता मोडत नाही.

रात्री घरी आल्यावर मी वही काढली. मैद्याची खळ शिजवली, थंड केली, १९७८च्या पानावर त्या चौकोनी डागाच्या जागी तुकडा बसवला आणि अंगठ्याने चारी कडा दाबल्या. बरोबर मापाचा होता.